गाऱ्हाणे आणि साक्ष

२०२३ च्या मे महिन्यात, काजूचा हंगाम आटोपत आलेला आणि घर चाकरमान्यांनी भरलेले असताना, माझ्या एका माजी विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातील एका सूचनेचे छायाचित्र मला पाठवले. वन (संरक्षण) सुधारणा विधेयक तपासण्यासाठी नेमलेल्या संसदेच्या संयुक्त समितीने नागरिकांकडून लेखी निवेदने मागवली होती आणि त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत असावे, आणि ज्यांना समितीपुढे प्रत्यक्ष साक्ष द्यायची असेल त्यांनी तसे कळवावे, अशी ती सूचना होती. मी एकतीस वर्षे वेंगुर्ल्याच्या एका शाळेत मराठी शिकवले आणि अधूनमधून नागरिकशास्त्राचे तासही घेतले. विधेयकाचा कायदा कसा होतो, त्या पायऱ्या फळ्यावर कितीदा लिहिल्या असतील याची गणती नाही. पण त्यांतल्या एका पायरीवर आपल्यासारख्या माणसालाही उभे राहता येते, हे मला तोवर मनापासून खरे वाटलेच नव्हते.

माझे माहेर सावंतवाडी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे आमच्या जिव्हाळ्याच्या दोन जमिनी आहेत. एक दादाची काजूची बाग, जिच्यावर 'वनसंज्ञा' लागलेली आहे. सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागेल. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असे ठरवले की, 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात जो असेल तो धरायचा, मग जमिनीचा मालक कोणीही असो. त्या निकालानंतर जिल्ह्यातील कितीतरी खासगी जमिनींना वनाची संज्ञा चिकटली. आजोबांनी लावलेली कलमे ज्या जमिनीत आहेत, तिथे एखादी खोली बांधायची म्हटले तरी वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. दुसरी जमीन म्हणजे गावाची देवराई. तिच्यात कोयता चालत नाही, वाळके लाकूडही कोणी उचलत नाही, आणि वैशाखातही तिच्यातला झरा आटत नाही. ती ग्रामदेवतेची आहे, याबद्दल गावात कधी दुमत नव्हते.

नव्या विधेयकाचा गाभा असा होता की, यापुढे जी जमीन कायद्याने वन म्हणून घोषित झाली आहे, किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदली गेली आहे, तिलाच वनसंरक्षणाचा कायदा लागू राहील. दादाला त्यात आपली बाग सुटेल अशी आशा दिसली. मला भीती दिसली ती राईची, कारण तिची वन म्हणून नोंद आहे असे आम्ही कधी ऐकले नव्हते. विधेयक एकच होते आणि एकाच पडवीत बसलेली दोन सख्खी भावंडे त्याच्याकडे दोन टोकांवरून पाहत होती. "तू दिल्लीक लिवतलंस, पण थंय वाचतलो कोण?" एवढेच दादा म्हणाला, आणि तरीही माझ्या शेजारी बसून राहिला.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. सकाळी वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले की ते निवेदन नव्हते, ते गाऱ्हाणे होते. कोकणात वाढलेल्या माणसाला गाऱ्हाण्याची लय वेगळी शिकावी लागत नाही. देवळासमोर गावकर नारळ ठेवून उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून आरंभ करतो, गावावरचे संकट, लेकराबाळांची काळजी, चाकरमान्यांची खुशाली असे एकेक सांगत जातो, आणि प्रत्येक वाक्यामागून सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्या होकारात एकटेपणाचा भार हलका करण्याची मोठी ताकद आहे, आणि मी तिच्यावरच वाढले आहे. परंतु गाऱ्हाण्यात प्रतिप्रश्न नसतो. "तू म्हणतोस ते कशावरून?" असे तिथे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये, कारण देवाला सगळे ठाऊकच असते. समितीला काहीच ठाऊक नसते असे धरून लिहावे लागते. कोणते कलम, त्यातला कोणता शब्द, तो बदलून कोणता घालावा आणि तो का, हे सांगितल्याशिवाय तिथे बोलणे पुढे सरकत नाही. साक्षीचे स्वरूपच असे असते की आपण बोलून झाल्यावर खरे काम सुरू होते.

संसदेच्या समित्यांचे काम कसे चालते, हे मी त्या पंधरा दिवसांत नव्याने वाचून काढले. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्या सतरा होत्या. २००४ पासून त्या चोवीस आहेत. प्रत्येकीत एकतीस सदस्य असतात, एकवीस लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे, आणि मंत्री असलेल्या सदस्याला तिथे बसता येत नाही. एखाद्या विधेयकापुरती संयुक्त समिती किंवा प्रवर समिती नेमली जाते, ती वेगळी. आपल्या राज्याच्या विधिमंडळात अशा समितीला 'चिकित्सा समिती' म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण नाडी पाहणे आणि खोदून विचारणे ही दोन्ही कामे त्यात सामावतात. समितीची बैठक बंद दाराआड होते. साक्षीदाराचा शब्दन् शब्द लिहून घेतला जातो आणि पुढे तो त्याला तपासायला दिला जातो. बोलण्यापूर्वी अध्यक्षांनी त्याला सांगायचे असते की, तुमची साक्ष जाहीर समजली जाईल आणि प्रसिद्धही होऊ शकेल. एखादा भाग गुप्त ठेवावा असे तुम्ही म्हणालात, तरी तो संसदेच्या सदस्यांना पाहता येईल. हा नियम वाचताना मी थांबले. माणसाला त्याच्या शब्दांच्या पुढच्या प्रवासाची आधी जाणीव करून देऊन मग त्याला बोलते करायचे, यात त्याच्या शब्दाविषयी जो आदर आहे तो मला फार कमी ठिकाणी भेटला आहे.

कोकणच्या मातीतल्या माणसांना ही साक्षीची विद्या एकेकाळी चांगली अवगत होती. गोपाळ कृष्ण गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये त्यांनी लंडनला जाऊन साक्ष दिली, तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने त्यांनी आकडेवारी तयार केली होती आणि उलटतपासणीत तिच्या आधारे ते ठाम उभे राहिले. तो आयोग म्हणजे काही लोकप्रतिनिधींची समिती नव्हती; राज्य परक्यांचे होते आणि प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेक त्याच राज्याचे होते. तरीही लष्करावर इतका आणि शिक्षणावर इतकाच का, हे आकड्यांनिशी त्यांच्या दप्तरात लिहून ठेवणे गोखल्यांना मोलाचे वाटले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय सत्तावीस होते. नुसते मतदार असणे पुरेसे नाही, कायदे करणारेही झाले पाहिजे; नाहीतर जे कायदे करू शकतात ते केवळ मत देऊ शकणाऱ्यांचे धनी होतील, असे त्यांनी त्या लेखी साक्षीत मांडले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. इतकी वर्षे मी मुलांना मतदानाचा हक्क शिकवला आणि कायद्याच्या मजकुराशी त्यांची गाठ कधी घालून दिली नाही, हे मला तेव्हा बोचले आणि अजून बोचते.

आणि नाथ पै. ते वेंगुर्ल्याचेच, जन्म १९२२ चा. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून सलग तीनदा ते लोकसभेवर गेले. माझे वडील त्यांची सभा ऐकायला दोन गाव ओलांडून चालत जात, आणि त्या वक्तृत्वाच्या आठवणी सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. पण नाथ पैंनी १९६७ मध्ये, संसदेला घटनादुरुस्ती करून मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या गोलकनाथ निकालानंतर, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे जे खासगी विधेयक मांडले, ते संयुक्त समितीकडे गेले होते, हे वडिलांना माहीत नसावे. निदान आम्हांला त्यांनी कधी सांगितले नाही. एका विरोधी सदस्याचे विधेयक, तेही राज्यघटनेच्या मुळाशी जाणारे, आणि सभागृहाने ते समितीकडे सोपवण्याइतके गंभीरपणे घेतले. लोकसभा विसर्जित झाली तसे ते विधेयक संपले, आणि १९७१ च्या जानेवारीत नाथ पैही गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा तो अधिकार राज्यघटनेत लिहिला. आम्हां कोकणवासीयांना त्यांची भाषणे आठवतात. समितीच्या खोलीत शब्दाशब्दावर घासाघीस करीत घालवलेले त्यांचे तास आमच्या स्मरणात नाहीत, आणि मला ते आमच्या स्मरणाचे उणेपण वाटते.

समितीच्या कामात एकेका शब्दाचे वजन किती असते, हे कळायला कोकणाला लांब जावे लागत नाही. ७ मे २०१० रोजी अणुदुर्घटनेच्या नागरी उत्तरदायित्वाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच महिन्यात, १६ मे रोजी, माडबनला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा तो प्रस्ताव होता. माडबनचे लोक मांडवाखाली बोलत होते ते माशांविषयी, आंब्याविषयी आणि भीतीविषयी; आणि ज्या कायद्याने त्या भीतीची किंमत ठरायची होती, तो दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरणविषयक स्थायी समितीकडे चालला होता. त्या समितीपुढे निरनिराळ्या मंत्रालयांचे सचिव आले. विधेयक तयार करताना आमच्या मंत्रालयाचा सल्ला घेतला गेला नव्हता, आणि अशा आपत्तीला तोंड देण्याइतकी आपली रुग्णालये सज्ज नाहीत, हे केंद्रीय आरोग्य सचिवांनी समितीपुढे सांगितले. ही गोष्ट कोणत्याही जाहीर सभेत बाहेर आली नसती. ज्याला उत्तर देणे भाग आहे अशा माणसाला, ज्याला विचारण्याचा अधिकार आहे अशा माणसाने विचारले, म्हणून ती दप्तरात आली.

पुढे त्या विधेयकाचे सतरावे कलम गाजले. यंत्रसामग्री सदोष निघाली तर प्रकल्प चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून भरपाई मागता यावी का, हा त्यातला प्रश्न. १८ ऑगस्टला समितीचा अहवाल आला, तेव्हा त्या कलमाच्या दोन उपकलमांमध्ये 'आणि' हा शब्द आलेला दिसला. करारात तशी तरतूद असेल 'आणि' पुरवठादाराचा दोष असेल, अशा दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच भरपाई मागता येईल, असा अर्थ त्या दोन अक्षरांनी निघत होता. विरोधी पक्षांनी तो शब्द पकडला आणि तो काढावा लागला. त्यानंतर पुरवठादाराच्या हेतूविषयीचे शब्द घालण्याचा प्रयत्न झाला, तेही मागे घेतले गेले. समितीनेच चालकाच्या दायित्वाची मर्यादा पाचशे कोटींवरून पंधराशे कोटींवर नेण्याची शिफारस केली होती आणि ती मान्य झाली. म्हणजे त्या समितीच्या हातून चूक झाली म्हणा, की तिच्यावर दबाव आला म्हणा. तरीही तिच्यामुळे मजकूर सर्वांसमोर आला आणि वाचला गेला. मराठी शिकवणाऱ्या बाईला 'आणि' हे उभयान्वयी अव्यय यापुढे कधीच साधे वाटणार नाही.

माडबनच्या सुनावणीविषयी मला कडवटपणे लिहायचे नाही, कारण जनसुनावणीला मी निरुपयोगी मानत नाही. २००६ च्या अधिसूचनेने तिची चौकट आखून दिली आहे: किमान तीस दिवसांची पूर्वसूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी अध्यक्षस्थानी, सर्व कामकाजाचे चित्रीकरण, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे. तिथे मराठीत बोलता येते, आणि ही मोठी गोष्ट आहे. परंतु अशा सुनावण्यांना मी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा तिथे गाऱ्हाणेच होताना पाहिले. लोक पोटतिडकीने बोलतात, मागून होकार येतो, अधिकारी लिहून घेतात. "तुम्ही म्हणता ते नीट समजावून सांगा" असे बोलणाऱ्याला कोणी म्हणत नाही. ऐकून घेणे आणि विचारणे यांत फरक आहे, आणि विचारले गेल्याशिवाय माणसाला आपल्याच म्हणण्यातली पोकळ जागा सापडत नाही.

ती पोकळ जागा आम्हांला सापडली ती दादामुळे. आम्हांला दिल्लीला कोणी बोलावणार नव्हते, हे ठाऊक असूनही एका संध्याकाळी आम्ही पडवीत साक्षीची तालीम केली. डोंबिवलीहून आलेला पुतण्या इंग्रजी मसुदा घेऊन बसला होता, दोन शेजारी होते, आणि दादाला आम्ही अध्यक्ष केले. मी राईविषयी बोलले. झऱ्याविषयी, तिथल्या जुन्या वृक्षांविषयी, कोयताबंदीविषयी. सगळे मान डोलावत होते. दादाने शांतपणे विचारले, "राई आमची म्हणतंस, पण कागदार कोणाची?" मला उत्तर आले नाही. गावातल्या कोणालाच आले नाही. दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयातून उतारा आणला, तेव्हा भोगवटादाराच्या जागी 'सरकार' असे लिहिलेले आढळले. देवीचे नाव कुठेही नव्हते, गावाचे नव्हते, आणि वन हा शब्दही नव्हता. पिढ्यान् पिढ्या जिच्या पुढ्यात गाऱ्हाणे घातले, तिच्या रानाची कागदावर ही स्थिती आहे, हे आम्हांला एका प्रतिप्रश्नाने कळले.

मग निवेदन पुन्हा लिहिले. गावसमाजाने परंपरेने राखलेल्या राया, त्यांची नोंद कोणत्याही सदरात असली तरी, संरक्षणात राहाव्यात अशी स्पष्ट तरतूद कलमात असावी, ही एक मागणी. आणि ज्या खासगी बागायतींवर वनसंज्ञा लागली आहे त्यांची ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष पाहणी होऊन निकाल लागावा, ही दुसरी. दादाचे आणि माझे म्हणणे एका कागदावर कसे मावेल, याची मला चिंता होती. पण पुरावा मागायची सवय लागल्यावर दोन्ही मागण्या एकाच मुळाशी येऊन ठेपल्या, ते मूळ म्हणजे जमिनीची खरी स्थिती जाऊन पाहणे. भाषांतरात मात्र आमचा दम निघाला. देवराईला इंग्रजी शब्द मिळाला, तो थोडा परका वाटला तरी चालला. वनसंज्ञेला मिळेना. पुतण्याने तीन ओळींचे स्पष्टीकरण लिहिले आणि मूळ शब्द तसाच ठेवला. ज्या भाषेत दुःख भोगले जाते त्या भाषेत ते संसदेच्या समितीला लिहून कळवता येऊ नये, ही उणीव मला फार जाणवली. निवेदनांसाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषा खुल्या कराव्यात, असे मी पत्राच्या शेवटी स्वतंत्रपणे लिहिले.

आम्हांला साक्षीसाठी बोलावणे आले नाही. जुलैमध्ये समितीने अहवाल दिला, त्यात विधेयकात कोणताही बदल सुचवलेला नव्हता; काही सदस्यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. २६ जुलैला लोकसभेने आणि २ ऑगस्टला राज्यसभेने विधेयक संमत केले. मला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मी तो अहवाल वाचायला घेतला. अशा अहवालाची रचना मला महत्त्वाची वाटते: लोकांचे आक्षेप एका बाजूला छापलेले, त्यांवर मंत्रालयाने दिलेले उत्तर खाली, आणि ज्यांना ते उत्तर पटले नाही त्यांचे म्हणणे शेवटी. पुढे एखाद्या न्यायालयात त्या शब्दाचा अर्थ लावताना ही पाने कोणीतरी उघडील. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, राज्यांच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ धरावा, असे सांगितले, तेव्हा मला त्या पानांची आठवण झाली.

माझी खरी तक्रार या एका समितीविषयी नाही. पंधराव्या लोकसभेत मांडल्या गेलेल्या विधेयकांपैकी एकाहत्तर टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती; सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सोळा टक्क्यांवर आले. समिती विधेयक बदलतेच असे नाही, तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि बंद दारामुळे आत कोण काय विचारते ते आपल्याला दिसत नाही. या सगळ्या मर्यादा मान्य करूनही मी म्हणेन की, शंभरातली चौऱ्याऐंशी विधेयके कोणालाही न विचारता पुढे जाणार असतील, तर आरोग्य सचिवांसारखे उत्तर दप्तरात येणारच नाही. बंद दाराविषयी माझे मन अजून दोलायमान आहे. दार बंद असल्यामुळे सदस्य पक्षाचा झेंडा बाहेर ठेवून बोलू शकतात असे म्हणतात, आणि त्यात तथ्य असावे. पण साक्षीदारांचे बोलणे तरी लोकांना ऐकता यावे, असे मला वाटते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही राईची मोजणी करायचे ठरवले. सरकारी नव्हे, आपली आपण. फीत, वही आणि गावातली चार मुले घेऊन. ग्रामसभेपुढे नोंदीचा ठराव मांडायचा तर क्षेत्र, झाडे, झरा आणि चारी सीमा लिहून द्याव्या लागणार होत्या. पूर्वेच्या बाजूला राई संपते तिथे दादाची बाग सुरू होते आणि मधे एक जुना गडगा आहे, अर्धा ढासळलेला, शेवाळलेला. त्याच्या पलीकडे दादाच्या बागेच्या हद्दीत दोन जुने किंजळ उभे आहेत, जे आम्ही लहानपणापासून राईतलेच समजत आलो. दादा गडग्याशी थांबला. फीत धरलेल्या मुलाला त्याने हाताने थोपवले, बराच वेळ त्या झाडांकडे पाहिले आणि मला विचारले, "ही दोन खंय धरतलंस? राईत की माझ्या बागेत?" मी वहीत झाडांच्या यादीखाली त्याचा प्रश्न तसाच उतरवून घेतला आणि उत्तरासाठी पुढच्या दोन ओळी मोकळ्या सोडल्या.